चिकातला जोंधळा

“मुकाट? मुकाट कोण म्हनलं?” वर्गात एखादं पोर ‘झाड बिचारं मुकाट सोसतं’ असं बोललं, की आमच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम खडू टेबलावर आपटत. एरवी त्यांचं मराठी पुस्तकी. राग आला की गावाकडची मैंदर्गी बोली बाहेर पडायची.

मी शेजारच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे चहाच्या वेळी माझाही तास व्हायचा. “सर, पेशीची भिंत म्हणजे नुसतं कुंपण नव्हे. पाणी तुटलं, बुरशीनं कुरतडलं, की भिंतीचे तुकडे सुटतात. पेशी ते ओळखते आणि झाडभर बोंब ठोकते. लई बोंबलतंय की झाड! आपल्याला ऐकू येत न्हाय.” एवढ्यात माझा चहा संपलेला असे आणि त्यांच्या चहावर साय धरलेली.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक, झाली तर. तरी कुंपणालगतचा एक पट्टा मागून घेऊन त्यांनी तिथे ज्वारी पेरली. आपल्याकडे फुलोऱ्यानंतर ओल तुटली की ज्वारीला खडखड्या धरतो, धाट आतून पोकळ होऊन मोडतं, हे तुम्ही पाहिलं असेल. तहानेच्या बोंबेत झाडाला बुरशीची चाहूल लागेनाशी होते का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. म्हणून त्या मुद्दाम पाणी तोडत आणि मुद्दाम बुरशी सोडत. हंगामामागून हंगाम सगळं पीक आडवं झालं.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक ओळ उभी राहिली. पानं करपलेली, पण धाटं ताठ. मला ओढतच दाखवायला नेलं. “दाना अजून कच्चा, चिकात हाय, सर. भरू द्या फकस्त. ह्याचं बी हाती आलं की मग बघा.” त्या दिवशी त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

आणि तपासणी समिती आली. समितीसाठी कॉलेजं कशी नटतात ते काय सांगायचं! बंद पंखेसुद्धा फिरू लागतात. प्राचार्यांना पट्ट्यात दिसलं ते वाळकं गवत. मॅडम तासावर असताना त्यांनी शिपायांकडून सगळं उपटून घेतलं आणि तिथे शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. नर्सरीतून भाड्याने आणलेल्या! वनस्पतीशास्त्र विभागाच्या दारात!

मी केबिनमध्ये घुसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. प्राचार्य शांतपणे म्हणाले, “अहो, मेलेलंच होतं ते. पुन्हा पेरा की.” जीवशास्त्राचा पदवीधर माणूस हा! माझं डोकं आजही फिरतं.

समितीने हिरवळीचं कौतुक केलं. जूनमध्ये मॅडमना बोलावणं आलं नाही. कारण कोणी विचारलं नाही, मी विचारलं तर कोणी सांगितलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढून पीक उपटलं त्या दिवसाच्या मॅडम हलत नाहीत. गेटजवळ ती ज्वारी भरून कचऱ्याची ट्रॉली उभी होती. कणसं मांडीवर घेऊन त्या एकेक दाणा नखाने दाबून पाहत होत्या. “एक तरी भरला असंल की, सर.” मीही शेजारी बसलो, दाबू लागलो. ट्रॉलीवाला हॉर्न वाजवत राहिला. ज्या दाण्याला हात लावावा, त्यातून पांढरा चीकच येत होता.