पत्रकाच्या तळाची ओळ

निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, दोघांचे पत्ते. वाचणारा ती वाचत नाही. कायदा मात्र तीच आधी वाचतो. प्रकाशकाने दोन प्रतींत निवेदन सही करून द्यायचे, ओळखीच्या दोघांनी साक्ष घालायची. एक प्रत छापखान्यात राहते, दुसरी छापील पत्रकासह कलेक्टर कचेरीत जाते. पालघरला मी छापखाना चालवला तितकी वर्षे ही ओळ एकदाही गाळली नाही. गाळा म्हणून सांगणारे पुष्कळ आले. त्यांना मी दार दाखवले. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता तो उरलेला नाही. का, ते लिहून ठेवतो.

विधानसभेच्या निवडणुकीआधी पाच मुले छापखान्यात आली. तिघे कॉलेजातली, दोघे बोईसरच्या कारखान्यांत रोजावर जाणारी. त्यांनी सगळ्या उमेदवारांना नऊ प्रश्न पाठवले होते. कारखान्याचे पाणी खाडीत सुटले तर तक्रार कुणाकडे करायची, कंत्राटी कामगाराला पगाराची पावती मिळणार का, पाड्यावरच्या बाळंतिणीला गाडी कुठून येणार, असे. ज्याची उत्तरे सरळ, त्याला ही मुले जाहीर पाठिंबा देणार होती. पक्ष कोणताही असो. ज्याने उत्तर दिले नाही, त्याने दिले नाही एवढेच छापायचे. मजकूर मी दोनदा वाचला. त्यातले एकही वाक्य मला नाकारता आले नसते. हे मी त्यांना सांगितले नाही.

प्रकाशक म्हणून त्यांनी आपल्या गटाचे नाव लिहिले होते.

"गट म्हणजे कोण?" मी विचारले. "गटाला घर नसतं. माणसाचं नाव आणि पत्ता लागेल."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांतला एक बोईसरात वाढलेला, आईबाप उत्तरेकडून आलेले. तो हसत म्हणाला, "चाचा, आपका ही डाल दो ना. नीचे तो वैसे भी आपका नाम रहेगा."

"मी मुद्रक आहे. मतं छापतो, मांडत नाही."

"देखा? पूरे इलेक्शन में सबसे सेफ आदमी अपना चाचा!"

सगळी हसली. मी हसलो नाही. म्हणालो, "ज्याला स्वतःचं नाव घालायची भीती वाटते, त्याने दुसऱ्याकडे मत मागू नये."

हसणे थांबले. त्यांच्यात एकच मुलगी होती. किनाऱ्यावरच्या नवापूरची, मासेमारी करणाऱ्या घरातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती पुढे आली.

"माजं घाला, आजोबा. ही पोरं मोबाईलवर वाघ हायत, कागद बघितला की मांजर."

तिने निवेदनावर नाव आणि पत्ता लिहिला. अक्षर सुटे आणि ठसठशीत होते. दोन मुलांनी साक्ष घातली. विचार करून उद्या ये, असे मी तिला म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "दुसऱ्या प्रतीवरही सही कर."

त्यांनी पाठिंबा दिलेला उमेदवार पडला. मुलांना कुणी काही केले नाही. पत्रक लोकांनी वाचले, काहींनी जपून ठेवले.

त्यानंतर ती अधूनमधून छापखान्यात येऊ लागली. बसला वेळ असला की लग्नपत्रिकांची, बिलबुकांची प्रुफे वाचायची. चुका काढायची, आणि त्या खरोखरच्या चुका असायच्या. माझ्या छापखान्यात गिऱ्हाइकाला खुर्ची नव्हती. तिच्यासाठी एक आणली. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

पुढे जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. या वेळी मुलांनी पाठिंबा दिला तो डोंगराकडच्या पाड्यावरच्या एका आशा कार्यकर्तीला. तिने नऊही उत्तरे स्वतःच्या हाताने लिहून पाठवली होती. तिच्यासमोर उभा होता तो कारखान्यांना माणसे पुरवणारा कंत्राटदार. त्याच्याविषयी पत्रकात एकच वाक्य होते : 'कामगारांना पगाराची पावती देणार का, या प्रश्नाला यांनी उत्तर दिलेले नाही.'

मुलगी प्रूफ वाचत होती. त्या वाक्यावर तिचे बोट थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"काय चुकलंय?" मी विचारले.

"नाय आजोबा. बरोबर हाय."

"मग हात चालव. मशीन थांबलंय."

तिने सही केली. तिचा बाप मासेमारी सुटल्यापासून बोईसरच्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता, आणि त्याला याच कंत्राटदाराने कामावर लावले होते. हे मला ठाऊक नव्हते. तिला होते.

पत्रके वाटून झाली त्याच आठवड्यात गेटवर बापाचा पास काढून घेतला गेला. कारण सांगितले नाही. पत्रकाच्या तळाची ओळ एका माणसाने तरी नीट वाचली होती. बाप दुसऱ्या कंत्राटदारांकडे फिरला. त्यांनी त्याचे नाव विचारले, गाव विचारले आणि नंतर बघू म्हणाले.

ती आशा कार्यकर्ती निवडून आली. मुले पेढे घेऊन आली, तेव्हा चौघेच होते.

"ती कुठे आहे?" मी विचारले.

मघापासून सगळ्यांची चेष्टा करणारा बोईसरचा मुलगा खाली पाहत म्हणाला, "वो नहीं आएगी, चाचा." मग त्याने पासाची हकीकत सांगितली.

केळव्याला घरी आलो. बायको वाडीतल्या सुपाऱ्या निवडत बसली होती. तिला सांगितले. ती सुपाऱ्यांवरची नजर न काढता म्हणाली, "त्या पोरीचं नाव घातलंत. स्वतःचं का नाही घातलंत?"

"मी मुद्रक. कायद्याप्रमाणे—"

"कायद्याने मनाई होती तुम्हाला?"

मनाई नव्हती.

पंधरा दिवसांनी मुलीचा बाप छापखान्यात आला. उभाच राहिला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "काका, तो कंत्राटदार पास द्यायला तयार हाय. त्याला फक्त एक कागद पायजे. पोरीचं नाव तिला न इचारता छापलं, असा तुमचा कागद."

"मुलीला माहीत आहे?"

"तिला काय इचारायचं? ती नायच बोलंल. आयशीगत हट्टी हाय. तुमी लिवून द्या, काका. माज्या घरात दुसरं कमावणारं कोण नाय."

मी छापखान्याच्या लेटरहेडवर लिहिले : 'सदर पत्रकावर प्रकाशक म्हणून छापलेले नाव संबंधित मुलीस न विचारता माझ्या चुकीने छापले गेले.' सही केली, शिक्का मारला. माझ्या शिक्क्याखाली गेलेले हे पहिले खोटे. तिच्या सहीच्या निवेदनाची दुसरी प्रत कलेक्टर कचेरीत होती. कुणी काढून पाहिली असती तर मी अडकलो असतो. त्याची मला पर्वा वाटली नाही. उलट बरे वाटले. उशिरा का होईना, ओझे मी माझ्या खांद्यावर घेतले, असे वाटले. बाप पाया पडायला वाकला. मी त्याला उठवले.

त्याला पास मिळाला. आणि कंत्राटदाराने माझ्या पत्राचा फोटो काढून गावोगावच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिले, पोरांचे पत्रक बनावट होते, ज्या पोरीच्या नावाने काढले तिलाच त्याचा पत्ता नव्हता. साक्ष घातलेली दोन मुले, आम्ही समोर होतो, म्हणून सांगत फिरली. शिक्क्यापुढे त्यांचे कुणी ऐकले नाही.

दोन दिवसांनी ती आली. खुर्ची समोर होती. ती बसली नाही.

"आजोबा, मी सही केली व्हती का नाय?"

"केली होतीस."

"दाखवा."

मी फाइल काढली, नाडी सोडली, निवेदन तिच्यापुढे ठेवले. तिने त्याच्या शेजारी आपला मोबाईल ठेवला. माझे पत्र त्यात होते.

"मंग हे कोणी लिवलं?"

"मी. तुझ्या वडिलांचं काम—"

"बाबांचा पास जाणार ते मला ठाव व्हतं. प्रूफ वाचताना पण ठाव व्हतं. त्याच्या आदी चार दिस इचार केला व्हता, मंग सही केली. पास गेला तवा मी कोळंबी सोलायच्या कामावर गेले. रडले नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "आता गावात बोलतात, हिला कायच ठाव नव्हतं, त्या म्हाताऱ्यानं परस्पर नाव टाकलं. म्हंजे मी तिथं नव्हतेच."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बाबांचं सोडा. ते घाबरलेले. तुमी तरी इचारायचं व्हतं मला."

तिने निवेदन उचलले. मला वाटले, घेऊन जाईल. तिने ते पुन्हा फाइलीत घातले, नाडीची गाठ नीट मारली, मोबाईल घेतला आणि गेली. बस सुटायला त्या वेळी अजून बराच अवकाश होता.

मुलांच्या गटाने त्यानंतर पत्रक काढले नाही. काढले असते तरी कुणी विश्वास ठेवला नसता. आता निवडणुकीचा मजकूर मोबाईलवरच येतो, आणि त्याच्या तळाशी बहुधा कुणाचेच नाव नसते. मी मशीन विकले. खुर्ची घरी आणली. मुलीचा बाप अजून त्याच गेटवर कामाला जातो. मुलगी वसईकडे नोकरीला असते असे ऐकतो. पत्ता मिळवता येईल. मिळवलेला नाही.

पहिल्या वेळी मी तिला विचार करायला एक दिवस दिला नाही. दुसऱ्या वेळी तिला विचारलेच नाही. म्हणून इथे तिचे नाव लिहिलेले नाही. एकटीचे गाळले तर तेही पुन्हा पुसल्यासारखे होईल, म्हणून कुणाचेच लिहिले नाही. निवेदनाची प्रत फाइलीत आहे. ती मागायला आली तर तिची तिला देईन. तोवर ते नाव तिथे, तिच्या अक्षरात.