सोमारीच्या मोहरीचं जांभळं पान

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात पिकाचं पान पिवळं पडलं की ते खुडायचं, दुपट्ट्यात बांधायचं आणि बापूजीच्या हॉटेलात देवाजी बोरकुटेपुढे ठेवायचं, अशी रीतच पडली होती. देवाजी कुणाच्या शेतात पाय ठेवत नसे. रोगाचं निदान व्हायचं ते बाकावरूनच. एरवी "च्या आन बे, पानचट नको" म्हणणारा हा माणूस हातात पान आलं की घसा साफ करी आणि थेट कृषी अधिकाऱ्याच्या भाषेत शिरे. "हे बघा, खालची पानं आधी पिवळी झाली म्हणजे नत्र कमी. शेंड्याची झाली म्हणजे गंधक." पुष्कळदा खरंही निघे. लोक त्याला पानडाक्टर म्हणत आणि ते ऐकून तो गालातल्या गालात फुगे.

यंदा धान निघाल्यावर सोमारी मडावीनं आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चाऱ्यासाठी मोहरी पेरली. गाय नुकतीच व्यायली होती. हिरवा चारा मिळाला तरच दूध टिकणार होतं, आणि दूध टिकलं तरच बापूजीच्या हॉटेलातला तिचा रतीब.

एक दिवस ती पान घेऊन आली. "भाऊ, हे पा जी. वांग्यावानी होऊन राह्यलं."

"स्फुरदाची कमतरता," देवाजीनं पान नुसतं उलटं केलं. "खत द्या."

तिनं दिलं. मग जांभळ्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. "आता नत्र," देवाजी म्हणाला. तिनं युरियाही टाकला. मोहरी वीतभर उंचीवर अडून बसली ती बसलीच.

तिसऱ्या खेपेला सोमारीनं अख्खं झाडच उपटून आणलं आणि त्याच्या कपाजवळ ठेवलं. "पान दाखवून दाखवून थकली मी. आता पूरं झाडच घ्या."

"अवो बाई, टेबलावर नको, गिऱ्हाईक पळन!" बापूजी ओरडला. मुळं काळी पडली होती. बोट लावताच त्यांची साल सुटली आणि डबक्याचा वास सुटला.

"अन् हा चिखल कुठचा?" शेजारच्या बाकावर चहा पीत बसलेल्या मिथुननं विचारलं. "सारं शिवार भेगाळलं अन् इच्या बांधीत चिखल?"

देवाजीनं कप खाली ठेवला. सोमारीच्या बांधीला लागून वरच्या अंगाला त्याची बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं. मासोळ्या वाढाव्यात म्हणून बोडीचा सांडवा त्यानं मातीनं बुजवला होता. पाणी चढलं होतं. बोडीच्या पाळीला, मातीच्या बांधाला, खेकड्यांनी बिळं पाडली होती, तीही त्यानं पाहिली होती. मुळं पाण्यात गुदमरली की पान असंच जांभळं होतं, मग कितीही खत ओता. हे सगळं त्याला आत्ता, या वासात, एका दमात कळलं. आणि तोंडातून निघालं भलतंच.

"तुमी जंगलातली लोकं, मोहफुलं वेचा, डिंक काढा. मोहरी लावनं तुमचं काम होय का? पानी देलं असन धो धो."

हॉटेल हसलं. "पानी मी देलंच नाई, भाऊ," सोमारी म्हणाली, पण त्या हसण्यात तिचं कुणी ऐकलं नाही. तिनं झाड उचललं, टेबलावरचा चिखल पदरानं पुसला आणि ती गेली. ते पुसलेलं टेबल देवाजीला दिवसभर दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडं घेऊन बोडीवर गेला. कुणी यायच्या आत सांडवा मोकळा करायचा, पाणी दुसरीकडे काढायचं, गुपचूप परतायचं. मोहरी सुधारली तर खताला श्रेय देऊन टाकायचं. एवढी लाजिरवाणी हुशारी त्याच्याकडे अजून शिल्लक होती. पण सोमारी आधीच बांधीत उभी होती.

"काऊन जी, तुमी इथी?"

त्यानं फावडं पायाशी टेकवलं. "पानी माह्या बोडीचं हाय. पाळ झिरपते. मले मालूम होतं."

"काल बी मालूम होतं?"

"हाव."

ती चिखलातून बांधावर आली. "इथी काय सांगता? इथी मी एकटी हावो. हासले ते तिकडे बसले हायेत."

देवाजी तिच्यामागून हॉटेलात गेला. अधिकाऱ्याची भाषा शोधून सापडेना. "पानी माह्या बोडीचं होतं," तो म्हणाला. "या बाईची काई चुकी नाई. मीच खोटा बोललो." वाटलं होतं, लोक हसतील. कुणीच हसलं नाही. मिथुन आपल्या ग्लासात पाहत बसला. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"माही गाय काय खाईन?" सोमारीनं विचारलं.

"धानाची वाळली तणस देतो."

"तणशीवर दूध येते काय? तुमच्या बांधीत लाखोळी हिरवी उभी हाय."

भर दुपारी, रस्त्याला लागून असलेल्या बांधीत, सोमारी विळ्यानं त्याची लाखोळी कापत गेली. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "काय झालं जी, डाक्टर?" प्रत्येकाला देवाजी पहिल्यापासून सांगत होता. भारा बांधून झाला तेव्हा त्यानंच तो उचलून तिच्या डोक्यावर दिला. ती मान सावरत म्हणाली, "उद्या बी येईन कापाले."