प्राचीचा पहिला नंबर

सुरेखाबाई अंगणवाडीच्या बाई. शिरूर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीवर कुणाच्या पोराचं वजन किती, हे पोराच्या आईआधी त्यांना ठाऊक असायचं. पोर काट्याला लटकवायचं, वजन भरलं तर कौतुक करायचं, घसरलं तर आईला फैलावर घ्यायचं. यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्याला कारणही तसंच होतं. त्यांचा पहिला मुलगा हाडांचा सापळा होऊन गेला होता. म्हणून प्राची झाली, तेव्हा बाईंनी तिला तुपात बुडवायचंच तेवढं बाकी ठेवलं. ब्याण्णव साली सुदृढ बालक स्पर्धेत प्राचीचा पहिला नंबर आला आणि कप टीव्हीवर जाऊन बसला.

दहाव्या वर्षी मात्र शाळेचा चढ चढताना प्राचीला धाप लागू लागली. पोरं तिला ट्रॅक्टर म्हणायची. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं की गोडधोड, तळकट बंद करा, पोरीला पळू द्या. बाईंनी ते मनावर घेतलं. नवरा सतीश रांजणगावच्या कंपनीतून कॅन्टीनची बुंदी डब्यात भरून आणायचा, तीही बंद केली. महिन्याभरात प्राचीचे गाल उतरले. बाईंना वाटलं, जमतंय. पण सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी नातीची दृष्ट काढली आणि चारचौघींत ऐकवलं, "दुसऱ्यांची पोरं पोसती आन् सवताचं वाळवती."

ते बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांना पहिल्या मुलाचे काटकुळे हात आठवले. त्या संध्याकाळी त्यांनीच प्राचीला गूळ-तूप-पोळी भरवली. डॉक्टरांचं बरोबर असेलही, पण त्यांनी काही पोर पुरलं नव्हतं.

प्राची बारा वर्षांची झाली, त्या साली वाडीवर पुन्हा स्पर्धा भरली. अनिताचं गुबगुबीत बाळ सगळ्यांत भारी भरलं. बाई नाव पुकारणार, तोच प्राची मागून हळूच म्हणाली, "आई, त्याला नंबर देऊ नको. पुढं लई तरास व्हतो."

समोर अनिता डोळ्यांत जीव आणून बघत होती. बाईंनी नाव पुकारलं. टाळ्या झाल्या.

अनिता पाया पडली. "बाई, ह्याला काय काय चारू? तुमच्या प्राचीवानी भरला पायजे."

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं, तूप किती आणि गूळ किती. प्राची तिथंच उभी राहून ऐकत होती.