बारा पाण्यांची बाई

आमच्या बाईंना मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलंच नाही. चहासुद्धा चालता चालता प्यायच्या. अर्धा पोटात, अर्धा पदरावर. मुलुंडच्या लॅबमध्ये सगळे त्यांना भिंगरी म्हणायचे. मी पण. मी तिथला बाटल्या धुणारा, शिक्षण शाळेच्या फाटकापर्यंत.

एकदा विचारलं, "बाई, शोधताय काय एवढं?"

"रिसेप्टर."

मला ऐकू आलं रिसेप्शन. म्हटलं, "कोणाचं? जेवण आहे ना?"

बाईंनी दाराची कडी वाजवली. "पेशीच्या अंगावर अशी कडी असते रे. बाहेरून वाढीचा रस येतो, कडी वाजवतो, की पेशी वाढते. कॅन्सरच्या पेशीला कड्याच कड्या असणार, असं मला वाटतंय. ते दाखवायचंय."

"म्हणजे तिला स्वस्थ बसवत नसणार. तुमच्यासारखं."

"गप रे. बाटल्या धू."

त्या बाटल्यांतच पेशी वाढवायच्या. साबणाचा अंश राहिला तरी मरायच्या. म्हणून बाईंचा नियम, "बारा पाणी. अकरा नाही." माझी गोची अशी, की हात चालला की तोंड चालतं. सातव्या पाण्याला किस्सा सुरू. तो संपेपर्यंत आठवं की अकरावं, देवाक म्हायत.

तीनदा पेशी मेल्या. मोठे साहेब म्हणाले, अजून एकदा मेल्या, की हे काम बंद. बाई कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. "रसच खराब? की गरमी जास्त झाली?" स्वतःलाच विचारत होत्या. मी हातातली बाटली ठेवून पुढे गेलो.

"बाई, तुमच्या पेशी माझ्या जोकने मेल्या."

बाई थांबल्या. पहिल्यांदाच थांबल्या बघा. म्हटलं वाट लागली, गेली नोकरी.

"उद्यापासून मोठ्याने मोजायचं," बाई म्हणाल्या. "मला पलीकडे ऐकू आलं पाहिजे."

मग मी मोरीतून ओरडायचो, "अकरा, बारा!" पलीकडून बाई, "पुढची!" मध्येच किस्सा निघाला की, "पहिल्यापासून!"

पेशी जगल्या. बाईंनी रसाला किरणं सोडणारी खूण लावून तो पेशींवर ओतला, धुऊन काढला, आणि चिकटून राहिला तेवढा मशीनने मोजला. आकड्यांचा कागद घेऊन धावत मोरीतच आल्या. "कड्या आहेत रे! साध्या पेशीपेक्षा कितीतरी जास्त!"

"मग रिसेप्शन कधी?"

जेवण दिलं बाईंनी. स्वतः उभ्यानेच जेवल्या.

पुढे त्या बंगलोरला गेल्या. निरोप घेतानाही एक पाय दाराबाहेर. "मोजत जा रे," एवढंच म्हणाल्या.

आता मी रिटायर, बोरीवलीत घरची भांडी घासतो. बायको ओरडते, "नळ बंद करा ओ, टाकी संपली!" पण मी मोजतो, मोठ्याने. बारा म्हटलं की हात थांबतो. पलीकडून बाईंचं "पुढची" कानात वाजेपर्यंत दुसरं भांडं उचलवत नाही.