अठरा घरांचे दिवे

बाईंनी ग्लू गन तापत ठेवली की वर्गात जळकट वास पसरायचा आणि चौथीची मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसायची. आता बाई चिकटवणार, आपण बघणार, हे त्यांना पाठ होतं.

बाई नव्या होत्या तेव्हा असं नव्हतं. पुठ्ठ्याचं घर, एक सेल, एक बल्ब, दोन तारा मुलांच्या हातात द्यायच्या आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसायचं. दिवा लागला की मुलं किंचाळायची, बाईसुद्धा! मग एका वर्षी पाहुणे शाळा बघायला आले आणि अठरा घरांपैकी अकरा घरं अंधारात राहिली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, हेच शिकवता का?"

ते बाईंच्या जिव्हारी लागलं. पुढच्या वर्षीपासून सगळी घरं त्या स्वतःच जोडू लागल्या, वर प्रत्येक जोडावर डिंकाचा गोळा. मुलांनी फक्त बटण दाबायचं. त्यानंतर एकही दिवा दगा देईना. शाळेचं नाव झालं, पाहुणे दरवर्षी येऊ लागले आणि बाई त्यात पुरत्या अडकल्या. "तुमच्या हातात जादू आहे," मुख्याध्यापक म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्या जादूचा बाईंना वीट आला होता.

यंदा पाहुणे यायच्या आदल्या दुपारी एका घराचा डिंक खरवडलेला दिसला. कोणाचं काम हे विचारायलाच नको. वर्गातली एक मुलगी प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडायची. शिपाईमामांनी तिचं नावच 'चौकशी' ठेवलं होतं. तिनं केसातल्या पिनेनं डिंक काढून, शेजारच्या घरातला बल्ब याच घरात जोडला होता. एका तारेवर ओळीनं दोन बल्ब, आणि दोन्ही मिणमिणत होते.

"बाई, दुसरा लावला की पहिलाही मंद होतो. उद्या दोघांना वेगळ्या तारा देऊन बघू?"

बाईंना फार आनंद झाला. अगदी बरोबर वाटेवर होती पोर! इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? 'बघ' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुख्याध्यापक दारातून डोकावले.

"सगळं तयार ना, बाई? उद्या फजिती नको."

"नाही होणार, सर."

बाईंना स्वतःचाच राग आला. तरी हात सवयीनं ग्लू गनकडे गेला. दुसरा बल्ब त्याच्या घरी परतला. न सांगता चौकशीनं तार धरली, बाईंनी डिंक ओतला. गार होईपर्यंत तिनं तार सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी अठराच्या अठरा घरांत दिवे लागले. टाळ्या पडल्या. एक पाहुणे कौतुकानं चौकशीपुढे वाकले. "हा दिवा कसा लागतो गं, बाळ?"

चौकशीनं हाताची घडी घातली.

"बाई लावतात," ती म्हणाली.