रविवारची मिठी

दर रविवारी लेक बापाच्या गळ्यात पडायची, ते मला बघवत नसे. फाटक वाजलं की ती धावायची, त्याच्या मानेत नाक खुपसायची आणि बराच वेळ तशीच राहायची. शाळेतून आली की माझ्या हातात फक्त दप्तर देते.

आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. मी आणि लेक कुंभकोणमला माझ्या आईकडे, तो इन्नंबूरला भावाकडे. कारण एकच, दारू. उपचारांनंतर तो सावरलेला दिसू लागला, तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंसमोर बसून आम्ही भेटीसाठी रविवार ठरवला. नियम मी केले. शाळेचं ऑफिस सांभाळते, नियम करणं मला जमतं. पान खाऊन यायचं नाही, पानाच्या वासाखाली बाकीचे वास झाकले जातात. आधी बाहेरच्या ओट्यावर बसून कॉफी घ्यायची. हात आणि नजर स्थिर असेल तरच लेकीला स्कूटरवर तिरुवलंचुळीला, पांढऱ्या विनायकाच्या देवळात न्यायचं. प्यायलेला आढळला तर महिनाभर भेट बंद.

ही तपासणी मी दारातून करायचे. वास येईल इतकं त्याच्या जवळ जायची माझी इच्छा नव्हती.

"कप सरळ धरा हो जावईबापू," आई म्हणायची. "बाई मार्क देताहेत."

तो हसायचा, लेक त्याच्याहून मोठ्याने हसायची. माझ्या वाट्याला तिच्या डोक्यातल्या उवा, गणित आणि दाताचा डॉक्टर. त्याच्या वाट्याला देऊळ आणि येताना गरम भजी. माझ्याशी ती फडाफडा तमिळ बोलते. पिढ्यान्पिढ्या इकडे राहूनही टिकलेली आमची घरातली जुनी मराठी, जी मीच तिला बोलायला शिकवली, ती मात्र बापासाठी, तिच्या अप्पांसाठी राखून ठेवते.

एका रविवारी मिठी मारून ती सरळ स्वयंपाकघरात आली.

"मी देवळात जात नाही. पोट दुखतंय."

सकाळी तिने इडल्या मागून मागून खाल्ल्या होत्या. कुठे दुखतं विचारलं तर एकदा डावीकडे बोट ठेवलं, एकदा उजवीकडे.

"खरं सांग."

"सांगितलं तर तू अप्पांना महिनाभर येऊ देणार नाहीस."

मी ओट्याकडे पाहिलं. तो कॉफी पीत होता. कप अगदी सरळ.

"दर वेळी वास घेतेस त्यांचा?"

"मग कोण घेणार? तू तर दारातच उभी असतेस."

मी बाहेर गेले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या अगदी जवळ वाकले. साबणाच्या वासाखाली तो वास होता.

"किल्ली द्या."

"अगं, काल रात्रीची आहे, थोडीशी..."

"किल्ली."

त्याने दिली. स्कूटर न्यायला भावाला पाठवा आणि तुम्ही बसने जा, असं मी सांगितलं. लेक माझ्यामागे येऊन उभी होती.

"पुढच्या रविवारी?" तिने मला विचारलं.

नियम स्पष्ट होता. पण महिना म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला ती अधिक सफाईने खोटं बोलली असती. किंवा बोललीच नसती, निमूटपणे स्कूटरवर बसली असती.

"यायचं," मी म्हणाले. "पण स्कूटर बंद. भेट इथेच, माझ्यासमोर. त्या दिवशी प्यायले असतील तर फाटकातूनच परत, पण त्यानंतरचा रविवार बुडणार नाही. आणि वास मी घेणार. ते तुझं काम नाही." मग त्याच्याकडे वळले. "ऐकलंत?"

त्याने मान हलवली, वर पाहिलं नाही.

तो बसस्टॉपकडे निघाला. लेक फाटकाच्या गजांना धरून बघत राहिली.

"बस मिळेल ना अप्पांना?"

"मिळेल."

माझ्यासाठी ती आजवर एकदाही खोटं बोललेली नाही.