जोनचा बीफ स्ट्यू

परवा शेजारच्या घरातून बीफ स्ट्यूचा वास आला आणि मला परदेशातल्या क्लेटनमधली, तिथल्या ऐन हिवाळ्यातली, जुलैतली एक गारठलेली दुपार आठवली. मी तेव्हा तिथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकत होते. आमच्या घरमालकिणीने, जोनने, तिचा नवरा वारल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच स्वयंपाक केला होता. सवयीने तिने दोन बाऊल भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"जोन, मी बीफ नाही खात," मी चाचरत म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

"पण तू जेव. मी बसते ना इथे," मी पटकन म्हणाले.

मी पावाला लोणी लावून खात राहिले. तिने सावकाश सगळा बाऊल संपवला. "थँक्यू, लव्ह," ती म्हणाली.

"नुसतं बसण्याचं कसलं थँक्यू?" मी हसले होते.

हल्ली मीही एकटीच जेवते. ते थँक्यू कसलं होतं, ते आता कळतं.